मागचं चाक: चिमट्यावरच्या रेघा जुळतात, तरी चेन एका बाजूने घासते

रानवाट

मंडळी नमस्कार. गेले तीन आठवडे एकाच गोष्टीने डोकं पोखरलंय, म्हणून हा धागा.

महिन्यापूर्वी बाईकचा मागचा टायर बदलून घेतला. त्यानंतर आठवडाभरातच चेनचा आवाज सुरू झाला. खडखड नाही, बारीक, सलग करकर. वेग वाढला की तीही वाढते. चेन धुतली, तेल दिलं, झोळ, म्हणजे चेन किती ढिली आहे ते, तपासला, सगळं नियमात. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरते ते दातेरी चाक, पुसून बघितलं तर दातांची चाकाकडची बाजू आरशासारखी चमकतेय आणि बाहेरची बाजू मळकट, जशीच्या तशी.

चेन एका बाजूला ओढली जातेय एवढं कळलं. पण चिमट्यावरच्या (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा स्विंगआर्म) रेघा मोजल्या तर डावीकडे चौथी, उजवीकडेही चौथी. दोन वेळा मोजल्या. ज्यांनी टायर बसवला त्यांना दाखवलं, तेही म्हणाले, रेघा बरोबर आहेत, आवाज बसेल. तो काही बसला नाही.

गाडीला डबल स्टँड आहे, पुढे-मागे डिस्क ब्रेक. मागचा टायर १३० मिलीमीटर रुंदीचा, पुढचा १००. घरच्या घरी मागचं चाक लाईनमध्ये आहे की नाही हे खात्रीने कसं तपासायचं? हाताशी पाने, स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर आहे.

जुनापाना

रानवाट, आधी एक करा. रेघा विसरा. रेघा असतात चेन किती ओढली गेली ते मोजायला. चाक सरळ आहे का, हे त्यांना विचारू नका. ती रेघच जवळपास १ मिलीमीटर जाड असते, वर आपण बघतो तिरके वाकून. एका बाजूला रेघेच्या अलीकडची कड धरली आणि दुसऱ्या बाजूला पलीकडची, की झालं.

दोऱ्याने बघा. गाडी डबल स्टँडवर घ्या. पातळ, न ताणणारा नायलॉनचा दोरा घ्या, मासे पकडायचा असतो तो उत्तम. सुतळी नको, ती जाड असते आणि झोळ धरते. दोऱ्याचा मधला भाग मागच्या टायरच्या पाठीमागून वळवा आणि दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढे आणा, पुढच्या चाकाच्याही पुढे. तिथे दोन जड डबे किंवा स्टुलं ठेवून त्यांना बांधा. दोरा जमिनीपासून जेवढा वर नेता येईल तेवढा न्या, पण स्टँडला, सायलेन्सरला, फूटरेस्टला कुठेही टेकता कामा नये. टेकला तर सगळं माप खोटं.

आता नाजूक भाग. डाव्या बाजूचा डबा बाहेर सरकवा, म्हणजे दोरा मागच्या टायरच्या पुढच्या कडेपासून सुटेल. मग अगदी सावकाश आत आणत जा. ज्या क्षणी दोरा त्या पुढच्या कडेला नुसता शिवेल, त्या क्षणी थांबायचं. टायरने दोऱ्याला ढकलायला नको आणि मध्ये फटही नको. मी दोऱ्यामागे पांढरा कागद धरतो, तेव्हा दिसतं. तसंच उजवीकडे. हे दोन दोरे म्हणजे तुमच्या मागच्या चाकाची लांबवलेली दिशा.

पुढचा टायर अरुंद आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना दोरा आणि टायर यांच्यात फट राहील. आधी हँडल असं धरा की एकाच बाजूची फट पुढच्या टायरच्या पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला सारखी येईल. मग डावी फट आणि उजवी फट मोजा. सारख्या आल्या पाहिजेत. तुमच्या टायरांच्या मापाने प्रत्येकी साधारण १५ मिलीमीटर. नुसत्या छापील आकड्यावर जाऊ नका, व्हर्नियर आहे तर टायरची खरी रुंदी मोजून घ्या.

त्याआधी चाक हाताने बाजूला हलवून बघा. बेअरिंगमध्ये किंवा चिमट्याच्या बुशमध्ये खेळ असेल तर आधी तो काढा, नाहीतर दर वेळी नवं माप मिळेल.

एकमार्गी

थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या गाडीने ४०,००० किलोमीटर केले, चेन नेहमी रेघा बघूनच ओढली. दोन चेनसेट झाले, दोन्ही व्यवस्थित पुरले, टायरही सारखा झिजला. रेघा इतक्या बेभरवशाच्या असत्या तर मला कधीतरी त्रास झाला असता. दोरे बांधण्यात अर्धा दिवस घालवण्याआधी चेनच बघा असं सुचवेन. एखादी कडी आखडली असेल तरी आवाज येतो.

त्रिज्या

एकमार्गी, आखडलेल्या कडीचा मुद्दा बरोबर आहे, ते बघायलाच हवं. पण तो आवाज सलग येत नाही, चेनच्या प्रत्येक फेरीला एकदा टक् असा येतो. रानवाट यांची करकर सलग आहे.

रेघांबद्दल एक हिशेब मांडते. चेन ओढायला एक्सलच्या दोन्ही बाजूंना जे बोल्ट असतात, त्या दोन ॲडजस्टरमधलं अंतर धरू २१० मिलीमीटर, दोन चाकांमधलं १३३० मिलीमीटर. एका बाजूचा ॲडजस्टर १ मिलीमीटर मागे राहिला तर ती चूक पुढच्या चाकापाशी पोचेपर्यंत १३३० भागिले २१० पट होते, म्हणजे सव्वासहा मिलीमीटरच्या आसपास. एका रेघेच्या जाडीने दोऱ्यावर सव्वासहा मिलीमीटर! म्हणून दोरा इतका उपयोगी. मागे न दिसणारी चूक तो पुढे मोठी करून दाखवतो.

एकमार्गी, तुमच्या गाडीच्या रेघा चांगल्या पाडलेल्या असतील, आणि मग रेघांवर चालवूनही काही बिघडत नाही. पण तसं आहे की नाही हे एकदा तरी दोऱ्याने तपासल्याशिवाय कळत नाही. एकदा जुळतंय असं दिसलं की पुढे खुशाल रेघांवर विसंबा.

ॲडजस्टर फिरवतानाही हाच हिशेब लक्षात ठेवायचा. बोल्ट ८ मिलीमीटरचा, नेहमीच्या आट्यांचा असेल तर एका पूर्ण फेऱ्यात तो १.२५ मिलीमीटर सरकतो. नटाला सहा पैलू, तेव्हा एक पैलू म्हणजे साधारण ०.२ मिलीमीटर. पुढच्या चाकापाशी तेच सव्वा मिलीमीटरपेक्षा जास्त. पैलू मोजत फिरवायचं, फेरे नव्हे.

रानवाट

जुनापाना काका, त्रिज्याताई, दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी दोरा बांधला. पहिल्यांदा तो स्टँडच्या पायाला टेकत होता, ते कळायलाच अर्धा तास गेला.

माप असं आलं: डावी फट १२, उजवी १८. तीनदा मोजलं, पूर्ण सोडून पुन्हा बांधून. दर वेळी हेच.

म्हणजे दोरे उजवीकडे पडतायत, चाकाचं तोंड उजवीकडे आहे, असं समजून एक्सलचा नट सैल केला आणि डावा ॲडजस्टर दोन पैलू घट्ट केला. आता दोन्ही फटी १५ च्या आसपास आहेत, डावी किंचित कमी. चक्कर मारून आलो. आवाज कमी झालाय, पण गेला नाही. पूर्वी दहा आणे होता तर आता सहा आणे.

त्रिज्या

रानवाट, इथेच जरा थांबा. अजून पैलू फिरवू नका.

पुढचं चाक हँडलने वळतं. आपण ते दोऱ्याला समांतर करून घेतो, म्हणजे त्याची दिशा आपणच ठरवतो. उरतं काय, तर ते दोन दोऱ्यांच्या मधोमध आहे की नाही, एवढंच. आणि मधोमध नसण्याची कारणं दोन असू शकतात. एक, मागचं चाक तिरकं बसलंय. दुसरं, मागचं चाक अगदी सरळ आहे पण अख्खंच बाजूला सरकलंय. दोऱ्यावर दोन्ही सारखेच दिसतात! १२ आणि १८ यात मधलेपणा ३ मिलीमीटरने चुकलाय. तो तिरकेपणाने चुकला की सरकण्याने, हे दोरा एकटा सांगू शकत नाही.

त्यासाठी दुसरं माप लागतं: चिमटा फ्रेमला जिथे बसतो त्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. ही दोन अंतरं सारखी असली की चाक चिमट्याशी काटकोनात आहे. पट्टीने हे मोजता येत नाही, मध्ये सगळं येतं. एक सरळ, ताठ सळई घ्या. एक टोक काटकोनात वाकवून टोकदार करा, ते चिमट्याच्या बोल्टच्या मधल्या खळग्यात बसेल. सळईवर एक झिप टाय घट्ट आवळा, सरकेल पण आपोआप हलणार नाही इतपत. डाव्या बाजूला तो टाय एक्सलच्या बरोबर मध्यावर आणा. मग तीच सळई, टाय न हलवता, उजवीकडे लावा. टाय मध्यावर आला की नाही, ते डोळ्यांना दिसतं. आकडा वाचायचाच नाही, त्यामुळे वाचनाची चूकही नाही.

आणि अजून एक बघा: पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढून त्याच्या दातांची कोणती बाजू चमकतेय?

सांजवारा

एक अनुभव सांगतो, उपयोग झाला तर बघा. माझी गाडी एकदा उभ्या उभ्या पडली आणि नंतर सरळ रस्त्यावर हँडल किंचित वाकडं धरावं लागायचं. मी महिनाभर मागच्या चाकाच्या मागे लागलो. निघाला पुढचं चाक धरणारा फोर्क, वरच्या क्लॅम्पमध्ये पिळला गेला होता. क्लॅम्पचे बोल्ट आणि एक्सल सैल करून सरळ केल्यावर हँडल जागेवर आलं. तेव्हा हँडल वाकडं असेल तर आधी पुढे बघा. रानवाट यांच्याकडे ती तक्रार दिसत नाही.

हात सोडून गाडी कुठे ओढते ते बघा, असं बरेच जण सांगतात. कृपा करून तसं करू नका. रस्त्याचा उतार, वारा, टायरची हवा, सगळं त्यात मिसळतं, आणि धोका तर आहेच.

रानवाट

सळई केली. सायकलच्या जुन्या कॅरिअरची सरळ सळई होती, कानशीने टोक काढलं. त्रिज्याताई, ही युक्ती माहीत असती तर रेघा मोजण्यात इतके दिवस घालवलेच नसते.

डावीकडे टाय मध्यावर लावला आणि उजवीकडे नेला. तिथे एक्सलचा मध्य टायच्या अलीकडे, साधारण अर्धा मिलीमीटर. म्हणजे डावी बाजू अर्ध्या मिलीमीटरने लांब. मग लक्षात आलं, मी डावीकडे जे दोन पैलू फिरवले तेच हे! ०.४ मिलीमीटर. म्हणजे मी हात लावण्याआधी दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि रेघा खरंच बोलत होत्या.

पुढचं स्प्रॉकेटही उघडलं. मागच्याची चाकाकडची बाजू चमकतेय, आणि पुढच्याची बाहेरची! दोन्ही उलट. हे काय?

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. टायर बदलल्यापासून मागचं चाक हाताने फिरवलं तर थोडं जड फिरतं. मला वाटलं नवीन टायरमुळे असेल.

जुनापाना

सापडलं. कॉलर, म्हणजे चाक जागेवर ठेवणारे एक्सलवरचे नळीसारखे तुकडे, उलटे बसलेत.

चेन डावीकडे आहे. मागचं स्प्रॉकेट चाकासकट उजवीकडे, म्हणजे आत सरकलंय. पुढचं जागेवरच आहे. चेन मागून निघते ती तिरकी बाहेर जाते. मागच्या दातांवर ती बाहेर ओढली जाते, त्यामुळे चेनची आतली पट्टी दाताच्या आतल्या बाजूला घासते. पुढच्या दातांवर आत ओढली जाते, तिथे बाहेरची बाजू घासते. दोन स्प्रॉकेट उलट बाजूंनी चमकत असतील तर चाक अख्खं सरकलंय असं समजायचं. तुम्ही दोन पैलू फिरवून मागच्या दातांचं तोंड थोडं चेनकडे वळवलंत, म्हणून आवाज कमी झाला. दुखणं तिथेच राहिलं, फक्त झाकलं गेलं.

एक्सलवर चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक कॉलर असतो. बऱ्याच गाड्यांत त्यांची लांबी वेगवेगळी असते. काही ठिकाणी जाडीही वेगळी ठेवतात, मग ते उलटे बसतच नाहीत. पण जाडी सारखी असली तर अदलाबदल सहज होते. चाक बसतं, नट आवळला जातो, काहीच अडत नाही, कारण दोन्हींची बेरीज तीच राहते. चाक मात्र त्यांच्या लांबीतल्या फरकाएवढं बाजूला जातं. डिस्कही चाकाबरोबर सरकते, डिस्कला धरणारा ब्रेकचा कॅलिपर त्याच्या पिनांवर सरकून तेवढं सांभाळून घेतो. पिना कोरड्या असतील तर ब्रेक धरून राहतो. तुमचं चाक जड फिरतंय ते बहुधा त्यानेच.

चाक उतरवा, दोन्ही कॉलर मोजा. कुठला कुठे जातो ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या चित्रातच बघा. ३ मिलीमीटरचा फरक निघाला तर पुढे बोलायलाच नको.

वळणदार

धागा वाचून खूप शिकायला मिळतंय. एक शंका. माझ्या गाडीला एकाच बाजूचा चिमटा आहे. मला हे सगळं लागू होतं का?

त्रिज्या

नाही, तुमच्याकडे एक्सल गोल हबमध्ये, पण त्याच्या मध्यापासून थोडा बाजूला बसतो आणि तो हब फिरवून चेन ओढली जाते. त्यात चाक तिरकं करायची सोयच नाही. शाफ्टवाल्या, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या गाड्यांतही नाही. दोऱ्याचं माप चुकलं तर तिथे चिमटा, फ्रेम किंवा बेअरिंग यांच्याकडेच बघावं लागतं. आणि रुंद टायरच्या काही गाड्यांत मागचं चाक कंपनीनेच मुद्दाम काही मिलीमीटर बाजूला ठेवलेलं असतं. ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेव्हा दोन फटी सारख्या नाहीत म्हणून लगेच घाबरू नये.

काही गाड्यांना ॲडजस्टरच्या बोल्टऐवजी गोगलगायीच्या शंखासारख्या, कडेला खाचा पाडलेल्या चकत्या असतात. तिथे दोन्हीकडे सारख्याच खाचा मोजायच्या एवढंच हातात असतं, पण सळईचं माप तिथेही घेता येतं, आणि घ्यावं.

रानवाट

काका, अगदी तुम्ही म्हणालात तेच!

आज दुपारी चाक उतरवलं. डावीकडून निघालेला कॉलर व्हर्नियरवर २२ मिलीमीटर, उजवीकडचा १९. बाहेरून दोन्ही इतके सारखे की तळहातावर शेजारी ठेवूनही एकदम कळत नाहीत, उभे केले की कळतात. मॅन्युअलच्या चित्रात लांब कॉलर उजवीकडे, कॅलिपरच्या बाजूला दाखवलाय. फरक बरोबर ३.

कॉलर अदलाबदल करून, आत ग्रीसचं बोट फिरवून बसवले. कॅलिपरच्या पिना खरंच कोरड्या होत्या. एक तर ओढूनही येत नव्हती, ती साफ करून पिनेसाठीचंच ग्रीस दिलं. कॉलरवर पुन्हा चूक होऊ नये म्हणून लांब कॉलरवर कानशीने बारीक खूण केली.

मग डावे दोन पैलू परत सोडले. पहिल्यांदा नट आवळला तेव्हा सळईने पुन्हा फरक दाखवला. नट आवळताना एक्सल थोडा फिरतो आणि एका बाजूने पुढे सरकतो हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्यावर काय करायचं?

जुनापाना

चिंधीची जाड घडी करा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. मागच्या स्प्रॉकेटच्या खालच्या बाजूला, चेन जिथे दातांवर चढते तिथे ती घडी चेन आणि दातांमध्ये धरा आणि चाक हाताने थोडं पुढे फिरवा. घडी आत ओढली जाते, चेन ताणली जाते आणि एक्सल दोन्ही ॲडजस्टरवर घट्ट टेकतो. बोटं लांब ठेवा, चिंधीचं टोक लांब सोडा. त्याच अवस्थेत नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा. मग चाक उलट फिरवून चिंधी काढा. आवळून झाल्यावर सळई आणि झोळ, दोन्ही पुन्हा बघा. आवळण्याआधीच्या मापाला काही अर्थ नाही.

झोळ चेनच्या सगळ्यात घट्ट जागी मोजा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघितलं की घट्ट जागा सापडते. आणि नट सुटू नये म्हणून त्यात दुटांगी स्प्लिट पिन असेल तर ती नवी घाला, जुनी सरळ करून पुन्हा वापरू नका.

रानवाट

चिंधी घालून आवळलं. सळईवर दोन्ही बाजू सारख्या, टाय मध्यावरून हललाच नाही. पुन्हा दोरा बांधला. डावी फट १५, उजवी १४.५. रेघा दोन्हीकडे चौथीच, जिथे पहिल्या दिवशी होत्या तिथेच.

स्टीलची पट्टी मागच्या स्प्रॉकेटला सपाट टेकवून पुढे बघितलं तर चेन पट्टीला अगदी समांतर जाते. चाक बोटाने ढकललं की मोकळं फिरतं. संध्याकाळी ३० किलोमीटर फिरून आलो. करकर गेली. इतकी गेली की वाटेत दोनदा गाडी थांबवून चेन जागेवर आहे ना ते बघितलं.

आता एकच शंका: दातांची एक बाजू महिनाभर घासली गेली आहे. चेनसेट बदलायला हवा का?

जुनापाना

दाताचा आकार बघा, चमक नको. दात वरून बघितल्यावर एका बाजूने पातळ झालेला किंवा बाजूने बघितल्यावर आकड्यासारखा वाकलेला दिसला तर सेट बदला, आणि बदलाल तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच. नुसती चमक असेल तर राहू द्या. आता ५०० किलोमीटर चालवा, मग पुसून दोन्ही बाजू पुन्हा बघा. बाहेरची बाजूही थोडी थोडी उजळायला लागली असेल.

एकमार्गी

रानवाट, अभिनंदन. काल मीही माझ्या गाडीला दोरा बांधला. डावी १३, उजवी १३.५. रेघा खऱ्या निघाल्या. पण सळई करून ठेवली आहे, पुढच्या महिन्यात टायर बदलायचा आहे आणि चाक उतरवण्याआधी कॉलरांचा फोटो काढून ठेवणार आहे.